अक्षय नीवि

गेल्या भाद्रपदांत पावसानें दोन दिवस उघडीप दिली, ती संधि साधून आम्ही आठवीच्या मुलामुलींस घेऊन पांडवलेण्यांस गेलों होतों. वास्तविक आम्ही गणित शिकवितों. इतिहासाच्या बाईंस ऐन वेळीं ताप भरला, म्हणून हें काम आमच्या गळ्यांत पडलें. त्रिरश्मि डोंगराच्या पायऱ्या चढतां चढतां डबे केव्हां उघडावयाचे याची चौकशी सात वेळां झाली, आणि वर पोंचल्यावर बहुतेकांचें लक्ष लेण्यांपेक्षां खालच्या मुंबई-आग्रा रस्त्यावरून धांवणाऱ्या मोटारी मोजण्याकडे अधिक होतें. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यापुढें आल्यावर मात्र आम्हीं सर्वांस ओसरींत उभें केलें, आणि डाव्या हाताच्या खोलीच्या दारावर कोरलेल्या ओळींकडे बोट दाखवून सांगितलें कीं, ही प्रार्थना नाहीं, राजाची स्तुति नाहीं. हा हिशेब आहे, आणि तो तुम्हांस सोडवावयाचा आहे.

हिशेबाचें नांव काढतांच मुलांचीं तोंडें उतरलीं. परंतु आम्ही गोष्ट सांगूं लागलों तशीं तीं हळूहळू जवळ सरकलीं. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं नाशिकच्या प्रदेशावर क्षहरात क्षत्रप नहपान याचा अंमल होता. त्याचा जांवई उषवदात, ज्यास संस्कृतांत ऋषभदत्त म्हणतात, त्यानें हें लेणें भिक्षूंस अर्पण केलें. आणि केवळ दगडांत घर कोरून दिल्यानें माणसाचें भागत नाहीं हें जाणून त्यांच्या नित्याच्या खर्चाचीहि तजवीज केली. त्यानें ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळचीं चांदीचीं नाणीं, दिलीं. पण तीं भिक्षूंच्या हातांत दिलीं नाहींत. गोवर्धन नगरांत (आजच्या गोवर्धन गांवाच्या रूपानें तें नांव अजून टिकून आहे) राहणाऱ्या विणकरांच्या दोन निकायांकडे तीं ठेवलीं. निकाय म्हणजे एका धंद्यांतील लोकांचा संघ. आजच्या भाषेंत सोसायटी म्हणा. एका निकायाकडे २,०००, दरमहा दर शेंकडा एक या व्याजानें. दुसऱ्याकडे १,०००, दरमहा दर शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल कधींच परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें घ्यावयाचें. अशा ठेवीस ‘अक्षय नीवि’ असें नांव होतें. दोन हजारांच्या व्याजांतून, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकीं प्रत्येकास चीवरासाठीं, म्हणजे वस्त्रासाठीं, बारा कार्षापण मिळावयाचे. हें सारें नगराच्या निगमसभेंत वाचून दाखविलें गेलें, फलकावर नोंदलें गेलें, आणि शेवटीं दगडावर कोरलें गेलें.

“आतां पडताळा पाहा,” आम्ही म्हणालों. वह्यांचीं मागचीं पानें उघडलीं. दोन हजारांचें दरमहा शेंकडा एकप्रमाणें महिन्याचें व्याज २०, वर्षाचें २४०. वीस भिक्षु, प्रत्येकीं बारा, २४०. “सर, जुळलं!” असें एक मुलगा इतक्या मोठ्यानें ओरडला कीं लेण्यांतले पारवे उडाले. त्याच लेखांत पुढें, एका सुवर्णास ३५ कार्षापण धरून ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण होतात असेंहि लिहिलें आहे. तोहि गुणाकार मुलांनीं ताडून पाहिला, व तोहि बरोबर निघाला. पाठ्यपुस्तकांत उत्तरें शेवटच्या पानावर असतात. हें उत्तर डोंगराच्या अंगावर होतें. वीस वर्षें आम्ही सरळव्याज शिकवीत आलों, पण त्यापासून कोणाला इतका आनंद झालेला आम्हीं पाहिला नव्हता.

तेवढ्यांत मागच्या बाजूनें एका मुलीनें विचारलें, “सर, पण कापड महाग झालं तर?”

प्रश्न साधा होता. बारा कार्षापणांत यंदां चीवर येईल. वीस वर्षांनीं येईल काय? ठेव अक्षय, व्याज अक्षय, परंतु कापडाचा भाव कोणीं दगडांत कोरला आहे? आम्ही “चांगला प्रश्न आहे, वर्गांत पाहूं” असें म्हणालों. उत्तर ठाऊक नसलें म्हणजे शिक्षक काय म्हणतात हें मुलांस पुरतें ठाऊक असतें. ती मुलगी किंचित् हंसली आणि गप्प राहिली. डबे उघडले, मुलें पांगलीं, पण त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या मागें लागला आहे. कारण नुसतें गणिताचें नव्हे. आमच्या घरांतहि एक अक्षय नीवि आहे.

आमचें घर निफाड तालुक्यांतलें. पांच एकर जमीन, एक विहीर, आणि कांदा. १९९८ सालीं आमच्या वडिलांनीं, ज्यांस आम्ही नाना म्हणत असूं, उन्हाळ कांदा चैत्रापासून चाळींत राखून ठेवला होता. चाळ म्हणजे शहरांतली भाडेकऱ्यांची नव्हे. बांबूंची व लाकडी पट्ट्यांची, आंतून वारा खेळावा अशी बांधलेली कांद्याची कोठी. त्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास कांद्याचा भाव असा चढला कीं, दिल्लीच्या निवडणुकींत कांद्यानें राज्यकर्त्यांस खुर्चीवरून उतरविलें असें लोक आजहि म्हणतात. नानांनीं लासलगांवच्या बाजारांत माल विकला, आणि घरीं आले ते सदऱ्याच्या आंतल्या खिशावर हात ठेवूनच. विहिरीचें कर्ज फेडून जें उरलें त्यांतून आईनें एक रक्कम मागून घेतली. तिचें म्हणणें एवढेंच कीं, शेताचें उत्पन्न आज आहे, उद्यां नाहीं. घरांत एक तरी गोष्ट अशी असावी जी हलणार नाहीं. तो पैसा आमच्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठीं होता.

जवळच्या बाजारगांवीं एक पतसंस्था नुकतीच निघाली होती. तिचें नांव आम्ही घेत नाहीं. व्याज बँकेहून दोन टक्के जास्त, इमारत नवी, काउंटरला कांच. आणि ठेव गोळा करावयास घरीं येणारा मनुष्य ओळखीचा, आईस ‘मावशी’ म्हणणारा. दर वर्षीं पासबुकांत व्याज चढे. आई तें पासबुक रेशनकार्डाबरोबर एका रुमालांत गुंडाळून ठेवी, आणि आम्ही सुटींत घरीं गेलों म्हणजे आंकडा मोठ्यानें वाचावयास लावी. २००७ सालीं बहिणीस नर्सिंगच्या शिक्षणासाठीं पाठवावयाचें ठरलें, म्हणून आई पैसे काढावयास गेली. दाराला कुलूप होतें, आणि पायऱ्यांवर तिच्यासारख्याच पुष्कळ बायका बसल्या होत्या. कोणी रडत नव्हतें. आई म्हणते, सगळ्या जणी आपापलें पासबुक उघडून बघत होत्या, जणूं कांहीं आंकडा वाचतां येतो तोंवर पैसा आहेच.

नाना तिला एक शब्दहि बोलले नाहींत. रात्रीं जेवतांना मात्र स्वतःशींच म्हणाले, “कांद्यानं बुडवलं तर पुढच्या साली पुन्हा लावता येतो. हे बुडालं, आता काय लावायचं?” बहीण त्या वर्षीं गेली नाहीं. दुसऱ्या वर्षीं आम्हीं कर्ज काढून तिला पाठविलें, आणि आज ती नाशकांतच एका रुग्णालयांत परिचारिका आहे. परंतु तिचें तें एक वर्ष कोणत्याहि पुस्तकांत जमा झालेलें नाहीं. पासबुक अजून आईपाशीं आहे. त्यांतील शेवटचा आंकडा २००७ पासून एका पैशानेंहि हललेला नाहीं. इतका स्थिर आंकडा आम्हीं दुसरा पाहिला नाहीं.

येथें पालकांच्या माहितीसाठीं एक गोष्ट सांगून ठेवितों. १९६० सालीं केरळांतली पालई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या, आणि त्यानंतर १९६२ पासून बँकांतील ठेवींस विम्याचें संरक्षण मिळालें. प्रारंभीं तें दर ठेवीदारास दीड हजार रुपयांपर्यंत होतें. ४ फेब्रुवारी २०२० पासून तें पांच लाखांपर्यंत झालें. पतसंस्थेंतील ठेवीस हा विमा लागू नाहीं. आईस हें कोणीं सांगितलें नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर पदवीधर असून आम्हांसहि तें त्या वेळीं ठाऊक नव्हतें.

आतां उषवदाताकडे पाहा. त्यानें पैसा कोणाकडे ठेवला? ज्यांचे माग चालू होते त्यांच्याकडे. दोन हजार कार्षापणांचें सूत आणावें, विणावें, विकावें, आणि त्यांतून महिन्याला वीस बाजूस काढावे. व्याज कोठून येणार हें गोवर्धनच्या रस्त्यानें जाणाऱ्या कोणासहि दिसत होतें, ऐकूंहि येत होतें. आमच्या पतसंस्थेचें जादा व्याज कोठून येतें हें आईनें विचारलें नाहीं, आणि तिचा शिकलेला मुलगा म्हणून आम्हींहि विचारलें नाहीं. आणखी एक गोष्ट. ज्या मनुष्यास एका ठिकाणीं दर शेंकडा एक मिळत होता, त्यानें आपले हजार कार्षापण दुसऱ्या ठिकाणीं पाऊण टक्क्यानें ठेवले. आम्हांस तरी तो मनुष्य शहाणा वाटतो.

परंतु त्या मुलीचा प्रश्न याच्याहि पलीकडचा होता. निकाय प्रामाणिक राहिला, माग चालत राहिले, व्याज बिनचूक येत राहिलें. तरी बारा कार्षापणांत काय येतें हें उरतेंच. १९२३ सालीं जर्मनींत कोणाच्या बँकपुस्तकांतला आंकडा कमी झाला नाहीं. पण त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क पडूं लागले, आणि जन्मभराच्या शिलकींत पावाचा तुकडा येईना. आपल्याकडे २०१६ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन रिझर्व्ह बँकेपुढें असें उद्दिष्ट ठेवण्यांत आलें कीं, महागाईचा दर चार टक्क्यांच्या आसपास, दोन वर किंवा दोन खालीं एवढ्या मर्यादेंत राखावा. म्हणजे अर्थशास्त्रज्ञांच्या कोशांतहि स्थैर्याचा अर्थ ‘हलत नाहीं’ असा नाहीं. ‘किती हलेल हें आधीं ठाऊक आहे’ असा आहे. वर्गांत आम्हीं फळ्यावर करून दाखविलें कीं, दरसाल चार टक्क्यांनीं भाव वाढत गेले तर अठरा वर्षांत ते दुप्पट होतात. मुलें गंभीर झालीं. अठरा वर्षांत भिक्षूच्या अंगावरचें चीवर अर्धें झालें होतें.

आतां कांद्याकडे वळूं. नाशिक जिल्ह्यांत राहून स्थैर्याविषयीं लिहावें आणि कांद्याचें नांव काढूं नये हें शक्य नाहीं. आमच्याकडे कांदा तीन हंगामांत येतो, खरीप, रांगडा आणि उन्हाळ. पहिले दोन फार दिवस टिकत नाहींत. उन्हाळ कांदा चाळींत चार-सहा महिने राहतो, पण रोज थोडा वजनानें घटतो, थोडा सडतो, थोड्याला कोंब फुटतात. गेल्या वर्षीं भाव चांगला मिळाला म्हणजे यंदां सगळे कांदा लावतात. सगळ्यांनीं लावला म्हणजे भाव पडतो. भाव पडला म्हणजे पुढच्या वर्षीं कोणी लावीत नाहीं, आणि भाव पुन्हां चढतो. निकोलस कॅल्डॉर नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९३४ सालीं या प्रकारास कोळ्याच्या जाळ्याचें नांव दिलें, कारण कागदावर रेषा काढल्या तर तशीच आकृति होते. नानांनीं कॅल्डॉरचें नांव ऐकलें नव्हतें. ज्या वर्षीं गांवांत कांद्याच्या रोपासाठीं झुंबड उडे त्या वर्षीं ते कांदा कमी लावीत, एवढेंच. दर वेळीं साधलें असें मात्र नाहीं.

भाव स्थिर राखण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१४-१५ सालीं एक निधि उभारला. त्यांतून कांदा विकत घेऊन साठवितात, आणि भाव चढला म्हणजे बाजारांत सोडतात. २०२३-२४ सालीं हा साठा तीन लाख टनांवरून पांच लाख टनांवर नेण्यांत आला. कल्पना जुनी आहे. कोठारांतला अर्धा माल प्रजेवरील आपत्तीसाठीं राखून ठेवावा असें कौटिल्यानें सांगितलें आहे. आणि मिसर देशांत योसेफानें सुबत्तेच्या सात वर्षांचें धान्य दुष्काळाच्या सात वर्षांसाठीं साठविलें ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस पाठच आहे. परंतु त्याच २०२३ सालीं १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें. ८ डिसेंबरपासून निर्यात अजीबात बंद झाली. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली ती टनास ५५० डॉलर हा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क अशा अटींवर. सप्टेंबरांत शुल्क २० टक्क्यांवर आलें. आणि १ एप्रिल २०२५ पासून तें रद्द झालें. दोन वर्षांच्या आंत पांच वेळां नियम बदलले, आणि हें सर्व स्थैर्यासाठीं! मुंबई-दिल्लीच्या स्वयंपाकघरांतून पाहिलें तर त्यांत वावगें कांहीं नाहीं, कारण तेथें रोज तेवढाच कांदा लागतो. लासलगांवीं ट्रॅक्टरवर बसून लिलावाची वाट पाहणाऱ्याचा हिशेब निराळा आहे.

तो हिशेब असा. समजा, एका शेतकऱ्यास १०० क्विंटल कांदा झाला आणि भाव १,००० रुपये मिळाला. त्यास एक लाख आले. लागवड, खत, मजुरी, वाहतूक मिळून खर्च ७०,०००. पुढच्या वर्षीं अवकाळी पावसानें पीक ६० क्विंटलवर आलें, खर्च तोच. भाव १,००० वरच स्थिर राहिला तर हातीं ६०,००० येतात, म्हणजे घरचेच दहा हजार गेले. भाव १,७०० पर्यंत चढला तर १,०२,००० येतात, म्हणजे घर गेल्या वर्षीं होतें तेथेंच राहतें. भाव हलला तेव्हां घर स्थिर राहिलें. भाव स्थिर राहिला तेव्हां घर हललें. आमचा कल कोणीकडे आहे हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या शाळेची फी कांद्यानेंच भरली होती. तरी शहरांत राहूं लागल्यापासून कांदा साठ रुपये किलो झाला म्हणजे आम्हीहि भाजीवाल्याशीं घासाघीस करतों, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

आमच्या शेजारीं नाशिकरोडच्या मुद्रणालयांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. तेथें १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्यापूर्वीं हिंदुस्थानच्या नोटा विलायतेहून छापून येत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशेंच्या व हजाराच्या नोटा रद्द झाल्याचें जाहीर झालें, तेव्हां ते कितीतरी वेळ ओट्यावर बसून होते. “कागद तोच, शाई तीच,” ते म्हणाले, “फक्त हुकूम बदलला.” आम्हांस त्या वेळीं जोगलटेंभीची आठवण झाली. गोदाकांठच्या या खेड्यांत १९०६ सालीं तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सांपडला, रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं त्यावर १९०८ सालीं सविस्तर लेख प्रसिद्ध केला. नाणीं सगळीं नहपानाचीं, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्यास जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. कित्येकांवर दोन्ही छाप दिसतात. जुन्या राजाचा चेहरा नव्या चिन्हाखालीं दबला, पण चांदी होती तेवढीच राहिली, आणि बाजार चालूं राहिला. शेजारच्या गृहस्थांस आम्हीं ही गोष्ट सांगितली, तेव्हां ते म्हणाले, “चांदीचं ठीक आहे हो.”

मग चांदी, सोनें, नाहींतर जमीन, यांतच खरें स्थैर्य असेल काय? आमच्याकडे बायका सोन्यावर विश्वास ठेवतात आणि पुरुष जमिनीवर. परंतु त्याच डोंगरांत, तिसऱ्या लेण्याच्या ओसरींत, गौतमीपुत्राचें एक आज्ञापत्र कोरलेलें आहे. पूर्वीं आम्हीं त्रिरश्मीवरील भिक्षूंस कखडी गांवचें शेत दिलें होतें, पण तें शेत कोणी कसत नाहीं आणि तो गांवहि वसलेला नाहीं, म्हणून आतां नगराच्या सीमेवरील आमच्या राजकीय जमिनींतून शंभर निवर्तनें देत आहों, असा त्याचा आशय आहे. राजानें दिलेलें शेत, दगडांत कोरलेलें दान. पण कसणारा नाहीं तर तें कोणाच्या पोटांत जाणार? हा लेख आम्हीं नानांस वाचून दाखविला असता तर त्यांस नवल वाटलें नसतें. नाना आतां नाहींत.

आणि तरी एक गोष्ट आम्हांस थक्क करते. उषवदातानंतर शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. नहपान गेला, सातवाहन आले आणि गेले, आभीरांचें राज्य झालें. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दींत विष्णुदत्ता नांवाच्या एका स्त्रीनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं अक्षय नीवि ठेवली, आणि तिचा लेख त्याच दहाव्या लेण्याशीं आहे. ठेव कोठें ठेवली? पुन्हां गोवर्धनच्या श्रेणींकडेच. जलयंत्रें करणारे, तेली, अशा निरनिराळ्या धंद्यांच्या श्रेणींत वांटून. तीन राजवंश बदलले, नाण्यांवरचे चेहरे बदलले, आणि एका बाईस आपला पैसा तेल्याच्या घाण्यापाशीं ठेवावासा वाटला. तिनें आधीं तो घाणा फिरतांना पाहिला असेल असें आम्हांस वाटतें.

सहलीनंतर आम्हीं वर्गास गृहपाठ दिला, कीं आपल्या घरचा पैसा कशाकशांत आहे तें, आंकडा न लिहितां, विचारून लिहून आणा. एका पालकांनीं चिठ्ठी पाठविली कीं आमच्या घरचा पैसा हा शाळेचा विषय नाहीं; त्यांचें म्हणणें रास्त होतें, आणि आम्हीं त्यांची क्षमा मागितली. बाकीच्यांचीं उत्तरें मात्र जपून ठेवण्यासारखीं आहेत. कोणाचा पैसा द्राक्षाच्या वेलींत, कोणाचा रिक्षेंत, कोणाचा आजीच्या पाटल्यांत, कोणाचा पोस्टांत. एकानें लिहिलें, “आमचे पैसे कांद्यांत आहेत, कांदा चाळींत आहे, आणि चाळींत उंदीर आहेत.”

प्रश्न विचारणारी मुलगी येवल्याची. मामाकडे राहून येथें शिकते. घरीं दोन हातमाग, पैठणी विणतात. मधल्या काळांत आम्हीं वर्गांत तिच्या प्रश्नाचें उत्तर देऊन टाकलें होतें, कीं कापड महागलें तर विणकरास अधिक मिळेल, आणि मग निकाय भिक्षूंस दोन पैसे जास्तहि देऊं शकेल. उत्तर आम्हांस स्वतःस फार पसंत पडलें होतें. तिनें वहींत लिहिलें होतें: “आमचे पैसे रेशमात आहेत. कापड महाग होतं त्याच्या आधी रेशीम महाग झालेलं असतं. पैठणीचा भाव ऑर्डर घेताना ठरतो, मग वाढवता येत नाही. म्हणून पप्पा म्हणाले, की सरांना सांग, कापड महाग झालं तर विणणाऱ्याला जास्त मिळतं असं नाही.” आम्हीं तिला दहापैकीं दहा गुण दिले, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत आपलें उत्तर चुकल्याचें सांगितलें. मुलांस तो तास फार आवडला.

दिवाळीनंतर आई चार दिवस आमच्याकडे राहावयास आली, तेव्हां तिला लेण्यांतल्या लेखाचें छायाचित्र दाखविलें. तिनें तें डोळ्यांजवळ धरून पाहिलें, आणि पूर्वींच्याच संवयीनें म्हणाली, “आकडा वाच बरं.” आम्हीं वाचला. दोन हजार, शेंकडा एक. एक हजार, शेंकडा पाऊण.

“आणि कुणाकडं ठेवले होते?”

“विणकरांकडं. मागवाल्यांकडं.”

“माग बघून ठेवले असतील,” आई म्हणाली, आणि छायाचित्र परत देऊन चष्मा पदरानें पुसूं लागली.